अक्कांच्या स्वयंपाकघराखालची रेघ

आमच्या नगरपालिकेच्या दारात सुतळीनं बांधलेली एक वही लोंबकळत असायची. नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, रस्त्यावरचा दिवा गेलाय, काय असेल ते त्या वहीत लिहायचं. पेन मात्र आपलं आपण न्यायचं, कारण वहीसोबत बांधलेलं पेन पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सोडवून नेलं होतं आणि नगरपालिकेनं पुन्हा तो नाद केला नाही. मी शाळेत असताना कानडी लिहायला खरी शिकले ती या वहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सोडणारा म्हातारा खांद्यावर लोखंडी किल्ली टाकून आमच्या दारात उभा राहायचा, आधी माझ्या कानडीतल्या चुका सांगायचा आणि मग व्हॉल्व्ह बघायला जायचा.

बेंगळुरूच्या उत्तर टोकाचा हेब्बाळचा तलाव मागे टाकून पुढे आलं की आमचं नगर लागायचं. ‘लागायचं’ म्हणते, कारण आता शहर संपतच नाही, तर आमचं नगर लागणार कुठून? नगरपालिकेची इमारत तीच आहे, दोन मजली, पिवळी. पाटी मात्र तिसरी. पहिली आमची होती. दुसरी शेजारच्या मोठ्या शहराची, ज्यानं आम्हाला पोटात घेतलं. आता त्या मोठ्या शहराचेच तुकडे पाडून निराळ्या महानगरपालिका केल्यात, म्हणून ही तिसरी. तुकडे पाडताना आमचं नगर आम्हाला परत द्यावं असं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. पूर्वी मी सौम्यपणे म्हणायचे, फसवल्यासारखं वाटतं. आता सरळ म्हणते, आम्हाला फसवलं. आणि त्यात आमच्या घराचाही हात होता, हे मला जास्त लागतं.

आमचं घर म्हणजे बाबा आणि मी. बाबा मिरजेचे, एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य काढलेले. आई लवकर गेली. आईच्या जागी कुणी येत नसतं, पण ज्या बाईनं मला वेणी घालायला शिकवली, पहिल्या पगाराची साडी जिला आधी दाखवली, त्या शेजारच्या अक्का. अक्का इथल्याच जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी आणि आमच्या मराठीला त्या ‘पुस्तकातली’ म्हणून हसायच्या. बाबांना त्या अण्णा म्हणत आणि बाबा, वयानं मोठे असूनही, त्यांना अक्का म्हणत. त्यांचे यजमान गेल्यावर घरात त्या एकट्याच उरल्या. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली.

अक्कांचं घर आणि नगरपालिका यांच्यात एक व्यवहार झाला होता. फार पूर्वी वरच्या तळ्यातून खालच्या तळ्यात जाणारा एक नाला त्यांच्या परसातून तिरका वाहायचा. नगरपालिकेनं तो बुजवून रस्त्याच्या कडेनं सरळ दगडी नाला बांधायचं ठरवलं, पण रस्ता अरुंद. तेव्हा अक्कांच्या यजमानांनी पुढच्या अंगणातली पट्टी फुकट देऊन टाकली. त्या पट्टीत अक्कांचा मोगऱ्याचा ताटवा होता, तो गेला. बदल्यात सभेनं ठराव केला की जुना नाला बंद, त्याखालची परसातली जागा या घराची. आमच्याकडे ठराव झाला की कारकून तो मोठ्यानं वाचून दाखवी आणि हॉलमधले सगळे, मागे उभे असलेले रिकामटेकडेसुद्धा, एका सुरात ‘सरी’, म्हणजे ‘बरोबर, मान्य’, असं म्हणत. अक्का त्या दिवशी हॉलमध्ये होत्या. ‘मी पण सरी म्हटलं,’ असं त्या कौतुकानं सांगायच्या. मग त्या परसात त्यांनी स्वयंपाकघर बांधलं. काळ्या दगडाचा ओटा, कोपऱ्यात जमिनीत बसवलेला, पीठ वाटायचा दगडी रगडा, आणि एवढी मोठी खिडकी की आमच्या खोलीतून त्यांच्या फोडणीला कढीपत्ता पडला की पडला नाही तेही कळावं.

पुढे मोठ्या शहरात सामील व्हायची बातमी आली, तेव्हा आमच्या घरी आनंदीआनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला होते, रोज अख्खं बेंगळुरू उभं कापत जायचे. ऑफिसातल्या इंदिरानगरच्या मैत्रिणी विचारायच्या, ‘तुम्ही शहराबाहेर का राहता?’ मला ते झोंबायचं. सामील झाल्यावर कावेरीचं पाणी येणार, रस्ते होणार, सगळं आश्वासनांत होतं. हरकती मागवल्या तेव्हा बाबांनी हरकत सोडाच, पाठिंब्याचं पत्र लिहिलं आणि ते मी टाईप करून दिलं. अक्का तेवढ्या नाराज होत्या. म्हणाल्या, ‘या हापीसात मला नावानं ओळखतात. तिथं मी कोण? नंबर.’ मी हसले. त्यांना त्यांच्याच बोलीत म्हटलं, ‘अक्का, स्वल्प पुढचं बघा की.’

नगरपालिकेत एकच इंजिनिअर होता, तरुण आणि सदा घाबरलेला. तो एके दिवशी बाबांकडे आला. मोठ्या शहराला नाल्यांचा आणि नळांचा नकाशा द्यायचा होता आणि नकाशा नावाची वस्तूच आमच्या नगरात नव्हती. कुठला पाइप कुठून जातो हे फक्त त्या किल्लीवाल्या म्हाताऱ्याच्या डोक्यात. बाबा निवृत्त होऊन घरात येरझाऱ्या घालत होते. त्यांना तर आभाळ ठेंगणं झालं. जेवणाचं टेबल ड्रॉइंग बोर्ड झालं आणि आम्ही दोघं चार महिने जमिनीवर बसून जेवलो. रविवारी मी टेपचं एक टोक धरायचे, दुसरं बाबा धरायचे, आणि म्हातारा किल्लीनं जमिनीवर ठोकून सांगायचा, इथं वळण, इथं जोड. अक्का मध्ये मध्ये फाटकातून कॉफी आणून द्यायच्या. जुना नाला नेमका कुठून जायचा हे म्हाताऱ्याला आठवेना, तेव्हा अक्कांनीच परसात उभं राहून दाखवलं. ओट्याच्या या टोकापासून त्या फणसापर्यंत, असं पदर खोचून, पावलं टाकत.

बाबा ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढत. चुकलं तर दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं घेऊन शाई अलगद खरवडायची, नखानं घासून कागद गुळगुळीत करायचा आणि पुन्हा रेघ मारायची. ते काम माझ्याकडे असायचं. माझा हात हलका आहे असं बाबा म्हणत, आणि ही त्यांनी माझी केलेली एकमेव स्तुती.

नकाशा पूर्ण झाला त्या दिवशी अक्का बघायला आल्या. आपलं घर सापडल्यावर लहान मुलीसारख्या खूष झाल्या. मग बोट ठेवून म्हणाल्या, ‘अण्णा, हे काय? माझ्या स्वयंपाकघरात ही तुटक तुटक रेघ कसली?’

बाबा म्हणाले, ‘जुना नाला. आता नाही म्हणून तुटक दाखवलाय. चालू नाला सलग रेघेनं आहे, हा बघा, रस्त्याच्या कडेला.’

‘नाहीच तर दाखवायचा कशाला? ती रेघ स्वल्प काढून टाका की. मला काय की भीती वाटते ती बघून.’

बाबांनी चष्मा काढून पुसला. कारखान्यात चाळीस वर्षं त्यांनी एकच धर्म पाळला होता, की ड्रॉइंगमधून काहीही गाळायचं नाही. बंद केलेला भागसुद्धा तुटक रेघेनं ठेवायचा, म्हणजे पुढच्या माणसाला आधी काय होतं ते कळतं. ‘तुमचा ठराव आहे ना अक्का?’ ते म्हणाले. ‘मग कसली भीती? ठराव आणि नकाशा एकत्र वाचायचे असतात.’ अक्का तरी तिथंच उभ्या. पातं माझ्या हातात होतं. दोन मिनिटांचं काम होतं. पण मला बाबांचा अभिमान होता आणि अक्कांची गंमत वाटत होती. मी म्हटलं, ‘अक्का, नकाशा आहे तो. रांगोळी आहे का, पुसायला?’

त्या हसल्या. ‘सरी,’ म्हणाल्या आणि कॉफीचे पेले उचलून गेल्या.

शेवटच्या दिवशी नगरपालिकेतून कपाटं निघाली. ठरावांची पुस्तकं टेंपोत घातली, वर ताडपत्री टाकली. दारातली वही कुणी नेली माहीत नाही, सुतळी तेवढी खिळ्याला राहिली होती. नकाशा मात्र बाबांनी टेंपोत घालू दिला नाही. पत्र्याच्या नळीत गुंडाळून, इस्त्रीचा शर्ट घालून, ते स्वतः मोठ्या शहराच्या कचेरीत घेऊन गेले. मी सोबत होते. खिडकीतल्या माणसानं आमच्या पत्रावर शिक्का मारून दिला आणि नळी न उघडताच मागच्या कपाटावर टाकली. बाबा म्हणाले, ‘उघडून बघता का? काही शंका असेल तर...’ तो म्हणाला, ‘बघतील, बघतील.’ आम्ही परत आलो. घरी आल्यावर बाबांनी टेलिफोन पुसून हॉलमध्ये आणून ठेवला.

फोन आला नाही. एखादं पत्र, एखादा प्रश्न, काहीही नाही. सुरुवातीला ते रोज विचारायचे, ‘काही आलं का?’ नंतर पोस्टमन दिसला की नुसते फाटकापर्यंत जाऊन यायचे. त्यांना पैसे नको होते, सत्कार नको होता. कुणीतरी तो नकाशा नीट उघडून बघावा एवढंच हवं होतं. किल्लीवाला म्हातारा घरी बसला. तक्रार करायला आता फोनवर नंबर मिळतो, आणि तुमची तक्रार निकालात निघाली असा निरोप पाणी यायच्या आधीच येतो. कावेरीचं पाणी आलं, नाही असं नाही. आठवड्यातून दोनदा, लहर लागली तर. वरच्या तळ्याच्या काठावर उंच इमारती उठल्या. पाऊस झाला की रस्त्यावर गुडघाभर पाणी, कारण अक्कांच्या मोगऱ्यावर बांधलेला दगडी नाला कुणी साफच करत नव्हतं.

असंच एका पावसाळ्यात फार पाणी भरलं, पेपरात फोटो आले, आणि वरून हुकूम सुटला की जुने नाले शोधून मोकळे करा. शोधणार कशावरून? कुणाला तरी कपाटावरची ती नळी सापडली. अक्कांनी मला हाक मारली तेव्हा मी चहा गाळत होते. जाऊन बघितलं तर स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवर लाल रंगात एक बाण आणि दोन आकडे. रंग ओला होता, ओघळ खाली आला होता. अक्का म्हणाल्या, ‘रंग लावून गेले ना, त्यांच्याकडे अण्णांचा नकाशा आहे. मी ओळखला. अक्षर ओळखलं.’ बाण म्हणजे पाडायच्या जागेची खूण. तीच तुटक रेघ पुढे वरच्या इमारतींच्या बागेतूनही गेली होती, पण तिथं बाण नव्हता. त्यांच्याजवळ परवानगीचा कागद होता म्हणे.

अक्कांजवळही कागद होता, फक्त तो टेंपोतून गेला होता. मी नोकरी सोडून तेव्हा घरूनच भाषांतराची कामं करत होते. ती बाजूला ठेवून ठरावाचं पुस्तक शोधत फिरले. पिवळ्या इमारतीत म्हणाले, ते मुख्य कचेरीत. मुख्य कचेरीत म्हणाले, गोदामात. गोदामात एका माणसानं वाळवीनं खाल्लेला ढीग दाखवला आणि हात वर केले. तोवर मोठ्या शहराचेही तुकडे झाले. मग नवे म्हणायला लागले, ते जुन्यांकडे असेल. आणि जुने तर आता नव्हतेच. आमचा जुना कारकून मी हुडकून काढला. ‘माझ्याच हातानं लिहिलाय तो ठराव,’ म्हणाला बिचारा. ‘पण पुस्तकाशिवाय मी काय, गोष्ट सांगणारा आजोबा.’ एवढं सगळं नगर ‘सरी’ म्हणालं होतं, त्याचा कुठं मागमूस राहिला नाही. फक्त आमच्या घरातून गेलेली गोष्ट तेवढी जपून ठेवली होती.

अक्कांच्या हरकतीवर सुनावणी लागली, तेव्हा बाबा येतो म्हणाले. ब्याऐंशी वर्षांचे, गुडघे गेलेले. मी आणि अक्का त्यांना दोन्हीकडून धरून जिना चढलो. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्यानं बाबांना खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि मग टेबलावर नकाशा पसरला. आमचाच. कडा पिवळ्या पडलेल्या, पण एक रेघ फिकी झाली नव्हती. बाबांचा हात आपोआप पुढे झाला आणि त्यांनी एक कोपरा सपाट केला.

‘सर, हा तुम्ही काढलात?’ त्यानं कानडीत विचारलं.

बाबा हो म्हणाले.

‘सर, खरं सांगतो, या सगळ्या भागाचा एवढा अचूक नकाशा आमच्याकडे दुसरा नाही. आम्ही उपग्रहाच्या चित्राशी ताडून बघितला. वीतभराचासुद्धा फरक नाही. आमचे सगळे लोक हाच वापरतात.’

किती वर्षं थांबले होते बाबा या वाक्यासाठी! मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. ते आपल्या कारखान्यातल्या कानडीत हळूहळू समजावू लागले, की तुटक रेघ म्हणजे बंद केलेला नाला, ठराव झाला होता, जागा बदल्यात दिली होती. अधिकारी मान हलवत होता. म्हणाला, ‘बरोबर आहे सर. पण हुकूम जुन्या नाल्यांबद्दलच आहे. तुटक रेघच आम्हाला हवी आहे. ठराव असेल तर दाखवा.’

खोलीत पंखा फिरत होता. बाबांनी नकाशावरचा हात काढून घेतला.

‘मग ती रेघ चूक आहे,’ ते म्हणाले. ‘मी ऐकीव माहितीवर काढली. मोजली नव्हती.’

टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. अक्कांनी पावलं टाकून दाखवलं होतं. मी खाली बघत राहिले. अधिकारी हसला, वडीलधाऱ्या माणसाशी हसावं तसं. ‘सर, बाकीचं सगळं वीतभरही चुकत नाही आणि हीच रेघ कशी चुकेल? तुम्ही शेजारधर्म पाळताय.’ त्यानं ते लिहूनसुद्धा घेतलं नाही.

स्वयंपाकघर एका सकाळीच गेलं. मशीन आलं, खिडकी आत कोसळली, ओट्याचे तीन तुकडे झाले. रगडा जमिनीत घट्ट बसवलेला, तो हलला नाही, म्हणून तसाच उघड्यावर ठेवून ते लोक निघून गेले. खाली कोरडी, टणक माती. नाला कुणी खणलाच नाही. पुढचा पावसाळा येऊन गेला तरी तिथं कुदळ पडलेली नाही, आणि रस्त्यावर पाणी पूर्वीसारखंच भरतं.

तेव्हापासून अक्का आमच्याकडे स्वयंपाक करतात. मीच घराची किल्ली देऊन ठेवली. त्या येतात, तिघांचा भात टाकतात, सार करतात, बाबांना मीठ कमी घालतात. माझ्याशी बोलतात, भाजीवाल्याशी बोलतात. बाबांशी बोलत नाहीत. बाबाही त्या आल्या की आपल्या खोलीत जाऊन बसतात.

गेल्या आठवड्यात मी बाजारातून आले तर बाबा जेवणाच्या टेबलाशी होते. त्यांनी नकाशाची घरात ठेवलेली निळी प्रत पसरली होती, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या होत्या आणि हातात ब्लेडचं अर्धं पातं होतं. ते ती रेघ खरवडत होते. छापलेली प्रत ती, शाई वर थोडीच असते. कागदच सोलून निघत होता. अक्का स्वयंपाकघराच्या दारात डाव घेऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

‘अक्का,’ बाबा वर न बघता म्हणाले, ‘चुकलं माझं.’

अक्का दारातूनच बोलल्या. ‘कचेरीत तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, अण्णा. मी ऐकलं. पण ती रेघ काढा म्हणून मी मागितलं होतं ना, तेव्हा खोटं बोलावं लागत नव्हतं.’

बाबांचं पातं चालूच होतं. कागद अक्कांच्या घराच्या जागी पारदर्शक झाला आणि मग फाटला. अक्कांनी पुढे येऊन त्यांच्या हातातून पातं काढून घेतलं आणि ते माझ्या तळहातावर ठेवलं.

‘राहू दे,’ त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. ‘नकाशा आहे तो. रांगोळी आहे का, पुसायला?’

मला वाटलं होतं, त्या विसरल्या असतील.